कापलेले अकरा सेकंद

नर्स खुर्ची ओढून एडिटरच्या शेजारी बसली. बसा, असं तो म्हणाला नव्हता. दुपारचे तीन वाजले होते, खोलीचे पडदे ओढलेले होते आणि समोरच्या मोठ्या स्क्रीनवर नेमका तिचाच चेहरा थांबवून ठेवलेला होता.

ती आत कशी आली, हे त्याने विचारलं नाही. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेतल्या सगळ्या स्पर्धकांचं इथे येणं-जाणं असायचं. आणि हिला तर गेल्या चार दिवसांत वॉचमनच काय, रस्त्यावरचा कुणीही ओळखायला लागला होता.

"मी हे कधी केलं, ते मला दाखवा," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तसा, खालच्या पट्टीतला होता.

हे म्हणजे काय, ते त्याला सांगावं लागलं नाही. तीन सेकंदांचा तुकडा होता. परीक्षक म्हणतात, आवाज आहे, अभ्यास नाही. आणि ती डोळे वर फिरवते, ओठाचा कोपरा मुरडते. साठ लाख लोकांनी तो पाहिला होता. खाली कमेंट्समध्ये लोकांनी तिचा माज काढला होता, खानदान काढलं होतं, तिच्या नवऱ्याची कीव केली होती. ती कुठल्या दवाखान्यात असते, तेही एकाने शोधून लिहिलं होतं. काल एका म्हाताऱ्या पेशंटच्या मुलाने तिला सलाइन लावू दिलं नाही. हे तिने आत्ता सांगितलं, केसपेपर वाचून दाखवावा तसं.

एडिटरने अंग काढून घ्यायचा प्रयत्न केला. मूळ शूटिंग बाहेरच्यांना दाखवता येत नाही, प्रोड्यूसर मॅडमना विचारावं लागेल, वगैरे. ती उठली नाही. शेवटी त्याने माउस हातात घेतला.

मूळ शूटिंगमध्ये परीक्षक बोलले आणि तिने मान खाली घातली. खरंय सर, नाइट ड्यूटी लागली की रियाज बुडतो, असं ती म्हणाली. परीक्षक हसले, तीही हसली. सगळे मिळून अकरा सेकंद. डोळे फिरवणं त्यात नव्हतंच. ते दोन तास आधीचं होतं. चिकटवलेल्या पापण्या टोचत होत्या आणि मेकअपवाली तिला वर बघायला सांगत होती, तेव्हाचं.

नर्सने ते दोनदा पाहिलं.

"मला वाटायला लागलं होतं, केलंही असेल मी," ती म्हणाली.

तेवढ्यात दार उघडून प्रोड्यूसर मॅडम आत आल्या. तिला बघून त्या दचकल्या नाहीत, उलट खुलल्या. बरं झालं तूच आलीस, म्हणाल्या. आकडे अजून चढतच होते. आता रविवारच्या भागात तिने परीक्षकांची सगळ्यांसमोर माफी मागायची, गळा दाटून आला तर उत्तमच. आज शिव्या देणारेच तुला उद्या डोक्यावर घेतील, फायनलपर्यंत तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही, असंही त्यांनी सांगून टाकलं. नर्सने सगळं ऐकून घेतलं आणि विचार करते म्हणाली. मॅडम समाधानाने आपल्या काचेच्या केबिनकडे गेल्या.

दार लागल्यावर नर्स एडिटरकडे वळली.

"मला तुमच्या पोटावर पाय द्यायचा नाही. जगाला काही सांगू नका. माझी मुलगी बाहेर बसलीय. तीन दिवस शाळेत गेली नाही, माझ्याशी बोलत नाही. तिला तेवढं सांगा."

"काय सांगू?"

"की हे आईने नाही केलं. तुम्ही केलंत."

एडिटर खुर्चीतून उठला. असे शेकडो तुकडे त्याने जोडले होते. त्यातलं माणूस असं शेजारी येऊन कधी बसलं नव्हतं.

रिसेप्शनच्या सोफ्यावर तेरा-चौदा वर्षांची मुलगी बसली होती, मोबाइल मांडीवर पालथा ठेवून. उभं राहून बोलावं की बसून, हे एडिटरला कळेना. अखेर तो तिच्यासमोर उकिडवा बसला. पापण्यांचं सांगितलं, त्या अकरा सेकंदांचं सांगितलं. आम्ही ते काढलं, आम्ही हे जोडलं, असं तो सांगत होता.

"आम्ही म्हणजे कोण?" मुलीने विचारलं.

"मी," तो म्हणाला.

मुलीने मोबाइल उचलला आणि कॅमेरा चालू करून त्याच्या तोंडासमोर धरला.

"परत सांगा."

अगं, असं ठरलं नव्हतं, म्हणत नर्स तिचा हात खाली घ्यायला गेली. मुलीने हात सोडवून घेतला. काउंटरमागच्या बाईंचं टायपिंग थांबलं. काचेपलीकडे मॅडम खुर्चीतून उठल्या होत्या. फोन कानाला, नजर इकडे.

"नसेल सांगायचं तर राहू दे," मुलगी आईला म्हणाली. "पण मग मी वर्गात काय सांगू, ते त्यांनाच विचार."

एडिटरने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. मुलीने मोबाइल खाली घेतला नव्हता. बोलणारा दम घ्यायला थांबतो, नेमकी तिथे कात्री चालते. नऊ वर्षं तो हेच करत आला होता. त्याने छाती भरून श्वास घेतला. आपलं नाव सांगितलं, काम सांगितलं आणि मॅडम केबिनचं दार ढकलून बाहेर आल्या तरी, कापायला कुठे जागा राहू नये म्हणून, तो न थांबता बोलत राहिला.