डावीकडून येणारी गाडी

"आई, डावीकडून येणारी गाडी मला दिसतच नाही गं. एकदम अंगावरच येते."

टीव्हीच्या पडद्यावर मुलीची लाल गाडी कठड्याला धडकून उलटी पडली होती. हल्ली ती सारखी हरायची. पूर्वी या खेळात तिच्यापुढे कोणाचा टिकाव लागत नसे.

आईने भाजी चिरता चिरता मागे वळूनही पाहिलं नाही. "कशी दिसेल? सदान्‌कदा त्या पडद्यात डोळे घालून बसल्यावर दुसरं काय होणार!"

आईचं चौकात चष्म्याचं दुकान होतं. कोणी मुलाला घेऊन आलं की नंबर काढायच्या आधी ती त्याला फैलावर घ्यायची, "गेम खेळतोस ना?" पोराने मान खाली घातली की तिला बरं वाटायचं. आणि तिच्याच घरात हा धिंगाणा.

खेळ बापाने आणून दिला होता. तो परमुलखात एका कारखान्यात फिटर होता. फोनवर बाप-लेकीचं गाडं "जेवलीस?" "जेवले" एवढ्यावर अडायचं. खेळायला बसले की मात्र तो तिकडून आणि ही इकडून, नुसता कल्ला. मुलगी हेडफोन लावून खो खो हसायची आणि आईला त्यातलं अक्षर कळायचं नाही. ते तिला टोचायचं. पण असं कोणाला सांगता येत नाही. डोळ्यांचं सांगता येतं.

दुसऱ्या दिवशी तिने मुलीला दुकानात नेलं, खुर्चीवर बसवलं, समोर तक्ता लावला. मुलीने अगदी खालची बारीक ओळसुद्धा वाचली. फक्त प्रत्येक ओळीतलं पहिलं अक्षर गाळलं.

"पहिलं अक्षर कोण वाचणार? लक्ष कुठे आहे तुझं?"

मुलीने मान किंचित वळवली. "अरे हो, आहे की."

"नजर ठणठणीत आहे," आईने निकाल दिला. "डोकं तेवढं त्या गेममध्ये अडकलंय."

त्याच संध्याकाळी तिने गेमचा डबा वायरींसकट पिशवीत कोंबला आणि ओळखीच्या एका दुकानदाराला देऊन टाकला. मुलगी रडली, दोन वेळा जेवली नाही, मग गप्प झाली. डावीकडच्या गाड्यांची तक्रारही थांबली. आईने नवऱ्याला फोनवर ऐकवलं, "बघा, गेम गेला आणि पोरगी सुधारली."

पुढे मुलगी दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटून घेऊ लागली. ताटाच्या डाव्या बाजूचं तसंच राहू लागलं. आई म्हणायची, धांदरट आहे, बापावर गेली आहे.

मग एके दुपारी कॉलेजसमोरचा रस्ता ओलांडताना डावीकडून आलेल्या स्कूटरने तिला उडवलं. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब. पण जखम बांधणाऱ्या डॉक्टरने तिच्या डोळ्यांपुढे बोट फिरवून पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. तपासण्या झाल्या. मोठ्या डॉक्टरीण बाईंनी मायलेकींना समोर बसवलं.

"दोष डोळ्यांत नाही. मेंदूत गाठ आहे. दोन्ही डोळ्यांची डावीकडची नजर त्या गाठीने गिळली आहे."

आई घाईघाईने म्हणाली, "फार गेम खेळायची हो ही. त्यानेच ना?"

"गेमचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. ऑपरेशन करू, गाठ निघेल. गेलेली नजर मात्र आता येणार नाही." बाई मुलीकडे वळल्या. "सुरुवातीलाच आली असतीस तर बरीचशी वाचली असती. तुला आधी काही जाणवलं नाही का गं?"

मुलीने आईकडे पाहिलं. पूर्ण मान वळवून पाहावं लागलं तिला.

"नाही," ती म्हणाली.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर दोघी शेजारी शेजारी बसल्या. आईला वाटत होतं, पोरीने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे मशीनचा खडखडाट होता आणि त्यातून नवऱ्याचा आवाज येत होता, कधी नव्हे तो रडवेला.

"काय म्हणाले डॉक्टर? त्या गेममुळे झालं का गं हे? खरं सांग. मीच आणून दिला होता तो. मीच तिला खेळायला बसवायचो."

आईने डोळे मिटून घेतले. तिला नुसतं "नाही" म्हणायचं होतं. पण त्यानंतर तो विचारणार होता, मग कशामुळे? आणि कळलं कसं नाही कोणाला?

शेजारी बसलेल्या मुलीकडे न बघता ती म्हणाली, "हो. डॉक्टरही तेच म्हणाले."