बिनलोण्याचे पॅनकेक

सुनेने पिठात अंडं फोडलं नाही. दूध घातलं नाही. लोण्याचा डबा तर तिने सकाळीच फ्रिजमधून काढून गॅलरीतल्या कपाटात नेऊन ठेवला होता. सासूबाई दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या.

उद्यापासून ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ. त्याआधीच्या मंगळवारी घरातलं दूध, अंडी, लोणी संपवायचं आणि त्यासाठीच पॅनकेक करायचे, ही त्यांच्या आजेसासूपासूनची रीत. आणि ही बाई केळं कुस्करून त्यात सोयाचं दूध ओतत होती. विचारलं तर म्हणाली, यंदा व्हीगन करून बघू. एवढंच. वर बघितलंसुद्धा नाही.

सासूबाईंना आठवडाभर संशय येत होता. चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून आली की सून फोन घेऊन गॅलरीत जायची आणि दार ओढून घ्यायची. एकदा अर्धवट कानावर पडलं, आईंना आत्ताच सांगत नाही, मागची खोली रिकामी करते. मागची खोली सासूबाईंची. त्यांचं शिलाई मशीन, त्यांची खाट. त्या दिवसापासून त्यांना घास गोड लागत नव्हता. मुलाला विचारलं, तर तो इकडचं तिकडचं बोलून कामाला निघून गेला. म्हणजे नवराबायकोचं ठरलेलंच होतं. आज तर घरात नवा तवा आला होता, ओटा दोनदा धुतला होता आणि सून गोडीगुलाबीने म्हणाली होती, की आई, तुम्ही आज स्वयंपाकघरात येऊच नका.

आधी मुलीला तोडलं, आता माझी पाळी, असं त्यांच्या मनाने घेतलं. तीन वर्षांपूर्वी याच दिवशी मुलगी घरी आली होती. खाता खाता नातीचे ओठ सुजले, श्वास कोंडला, तिला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. पोरगी वाचली, पण मुलगी पुन्हा या घराची पायरी चढली नाही. भावजयीने तिचे कान भरले, असं सासूबाई शेजारीपाजारी सांगत.

सून वाळलेले कपडे आणायला गच्चीवर गेली. सासूबाईंनी कपाट उघडलं. डावभर लोणी पातळ केलं आणि पिठात ढवळून टाकलं. चाटूनपुसून खातील तेव्हा सांगू, म्हणत त्या बाहेर येऊन बसल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांना बरं वाटलं.

बेल वाजली. दार उघडलं तर समोर त्यांची मुलगी. तिचा हात घट्ट धरून नात उभी होती, खूप उंच झालेली.

सून कपड्यांचा ढीग घेऊन धावतच खाली आली. नणंदेला म्हणाली, “आईंची खाट पुढे घेते, मागची खोली तुम्हा दोघींना. आणि खायचं सगळं मी एकटीने केलंय. निर्धास्त राहा.”

दूध, अंडं, लोणी. यातलं काहीच त्या पोरीला चालत नव्हतं.

सासूबाई सुनेच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेल्या. पिठाचं भांडं ओट्याच्या कडेलाच होतं. चुकून धक्का लागल्यासारखं केलं असतं, तर पीठ जमिनीवर गेलं असतं आणि कुणाला काही कळलंही नसतं. त्यांनी कोपर पुढे नेलंसुद्धा. तेवढ्यात सुनेने पहिला पॅनकेक ताटलीत काढला आणि नातीने दोन्ही हात पसरले.

“तिला देऊ नकोस,” सासूबाई म्हणाल्या. “त्यात लोणी आहे. मी घातलंय.”

सुनेचा हात जागच्या जागी थांबला. मुलीने पोरीला मागे ओढलं. मुलगी आता बॅग उचलून चालू लागणार, हे सासूबाईंना दिसत होतं. थांब म्हणायला त्यांना तोंड उरलं नव्हतं.

मुलीने गॅस बंद केला. पीठ मोरीत ओतलं, तवा नळाखाली धरला आणि घासायला लागली. वहिनीला विचारलं, अजून केळी आहेत का. मग आईकडे न बघताच बोलली.

“त्या दिवशी मी विचारलं, हिच्या खाण्यात लोणी आहे का. डॉक्टरांनीही विचारलं. दोन्ही वेळा तू नाही म्हणालीस,” ती म्हणाली. “आज तर कुणी विचारलंही नव्हतं.”