विहिरीच्या पाण्याचा अंदाज

शहाडच्या मालूबाईच्या पत्राला गुप्ते सरांनी उत्तरच दिलं नव्हतं. विहिरीभोवती संडासाच्या टाक्या वाढल्यात, नातवाचं बाटलीचं दूध या पाण्यात कालवू का, एवढंच तिनं विचारलं होतं. भूजलतज्ज्ञ सर वर्षभर टाक्यांतून झिरपणाऱ्या, तान्ह्या बाळांना घातक अशा नायट्रेटचा अंदाज मांडत आणि खोडत राहिले. शेवटी धास्तावून तिच्या दारात गेले. नातू अंगणात धावत होता.

"घ्या, जारच्या पाण्याचा आहे," चहा पुढे करत मालूबाई म्हणाली. "तुमचं उत्तर आलं नाही, तेव्हाच समजले. पाणी चांगलं आहे सांगायला कोण एवढा वेळ लावतो, सर?"

सर ओशाळले. घरी येऊन त्यांनी उत्तर टपालात टाकलं : 'पाणी बहुधा वाईट असावं. खात्री झाली की कळवतो.'