किमान लोकवस्ती

लसीचे ड्रोन पडद्यावर दिसणाऱ्या गावांकडेच झेपावत, आणि आंबेपाडा पडद्यावर नव्हताच. ‘आज ड्रोन कुठल्या गावांना?’ हा डेटाच्या कोठाराला रोज सकाळी जाणारा प्रश्न आरोग्य केंद्रातल्या शर्वरीनं संगणकावर उघडला. ‘किमान लोकवस्ती’च्या चौकटीत कुणीतरी कधीकाळी शंभर भरून ठेवले होते. तिनं तिथं एक टाकला. पाडा उजळला.

“मॅडम, ड्रोन काय आता एकेका झोपडीसाठी उडवायचे?” टिळेकर साहेब तणतणत आले. “शंभर करा परत!”

“तुम्हीच करा ना, सर.” पोटाशी बांधलेल्या लेकीला थोपटत ती म्हणाली. “फक्त मी आणखी एक चौकट जोडलीय. जी बाळं वगळायची, त्यांची नावं आधी स्वतःच्या हातानं टाइप करायची.”

साहेबांनी कीबोर्ड पुढे ओढला. टाइप करायचं पहिलं नाव पडद्यावर आलं: झिपरी, वय तीन महिने.

त्यांनी कीबोर्ड तसाच मागे सरकवला. बाहेर आंबेपाड्याचा ड्रोन उडाला.