जंताचं केळवण

अन्वयच्या पोटातला जंत शेवटी पडला. पण तसं काही घडलंच नाही असं धरून चालू, कारण केळवणाला जमलेले सगळे तसंच धरून चालले होते.

होणाऱ्या बायकोकडे, म्हणजे सानिकाकडे, बर्फी नावाची मांजर होती आणि मांजर दिसली की अन्वयला शिंका. म्हणून त्याने दवाखान्यातून शांत स्वभावाचा एक जंत घेतला होता. जंत पोटात असला की शिंका आणणारी प्रतिकारशक्ती नरमते. हल्ली अर्धी लग्नं अशीच जमतात. आईने तर त्याच्या पोटाला औक्षणही केलं होतं.

पानात तिसरी पुरणपोळी पडली, मांडीवर बर्फी बसली आणि पोट गुरगुरलं. अन्वयने हळूच डॉक्टरांना फोन लावला.

"आतड्याच्या अस्तरातल्या पहारेकरी पेशींनी ओळखलं जंताला," डॉक्टर म्हणाले. "आता बुळबुळीत स्राव सुटेल, आतडं ढवळेल आणि त्याला बाहेर ढकलेल."

"समजावून बघू का?"

"बघा. माझं आतडं तर माझंही ऐकत नाही."

अन्वय संडासात पळाला. परतला तो शिंकतच.

"सर्दी झाली का जावईबापू?" सानिकाच्या मावशीने विचारलं.

"छे, आमच्यात आनंद झाला की शिंकतात," आई म्हणाली.

सानिका कुजबुजली, "बर्फी माझ्यासोबतच येणार आहे. रोज एवढा आनंद झेपेल तुला?"

अन्वय नगरपालिकेत कारकून होता. त्याने पोटावर हात ठेवला आणि खालमानेने पुटपुटला, "माननीय आतड्याचे अस्तर यांस सविनय विनंती, की पुढील जंतास किमान लग्नाच्या सुवर्णमहोत्सवापर्यंत मुक्कामाची परवानगी द्यावी व हरकत असल्यास ती लेखी कळवावी."