खारकेचा डावा डोळा

टेबलावर खारीक नावाच्या कुत्रीचे सात फोटो होते, सगळे याच महिन्यातले. ऋजुताने ॲक्रिलिकमध्ये तिचे कान, नाक, उजवा डोळा झटक्यात उतरवले. डावा मात्र काही केल्या जमेना. त्यातली बाहुली दर वेळी उजवीपेक्षा मोठी व्हायची. रंग वाळला की त्यावर तपकिरी हात मारून ती पुन्हा काढायची. पाचव्यांदा वैतागून तिने फोटोंवरच कर्कटक टेकवून मोजलं. सातही फोटोंत डावी बाहुली मोठीच होती.

खारकेच्या मालकिणीला तिने फोन लावला. "तांबेकाकू, तिला आजच डॉक्टरांना दाखवा. डोळ्याचं काहीतरी बिघडलंय."

"अगं, तुला चित्र काढायला सांगितलंय, डॉक्टरकी करायला नाही! मजेत आहे ती."

"एक बिस्किट डावीकडून पुढे करा बरं. आवाज न करता."

काकूंनी बिस्किट पुढे केलं. मग म्हणाल्या, "बघतच नाहीये गं ती तिकडे. रिक्षा बोलावते."

डोळ्यातला दाब पंचविसाच्या आत हवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो अडतीस निघाला. थेंब सुरू झाले. चित्रातली डाव्या डोळ्याची जागा तपकिरीच ठेवून ऋजुता धुतलेले ब्रश पुन्हा धूत राहिली.

दहाव्या दिवशी काकूंनी आकडा कळवला: एकोणीस.