ऑक्टोपसची तीन हृदयं

रेडिओ खणखणीत आवाजात ऑक्टोपसचं पुस्तक वाचत होती आणि बाईंनी चमकून तिच्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. पोरीने पान उलटताना दोन पानं एकदम उलटली होती. गेल्या आठवड्यात कुणीतरी डिंक सांडला होता, त्याने ती एकमेकांना घट्ट चिकटली होती. आणि त्या चिकटलेल्या पानांच्या आत जे दडलं होतं, तेसुद्धा ही बया एक शब्द न गाळता वाचत होती.

तिसरीच्या वर्गाने तिचं नाव रेडिओ ठेवलं होतं, कारण एकदा सुरू झाली की बंद व्हायची नाही. जुनी गलबतं, ज्वालामुखी, गांडुळं, राजेराण्यांचे मुकुट, काहीही विचारा. मुलांना इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या पुस्तकांतून वाचायला शिकवायचं, हे बाईंचं खूळ. रेडिओ हा त्या खुळाचा पुरावा. वर्गात कुणी काही ठासून सांगितलं की बाकीचे ओरडायचे, बोट ठेव. मग पुस्तकातल्या त्या ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवायचं, नाहीतर गप्प बसायचं. रेडिओला मात्र कुणी कधी बोट ठेवायला लावलं नव्हतं. तिचं नेहमीच बरोबर असायचं.

आता बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. नवं पुस्तक हातात दिलं की ही लाडीगोडीने म्हणायची, आधी तुम्ही वाचून दाखवा ना बाई, तुमचा आवाज किती छान आहे. बाई फुलून जायच्या आणि वाचायच्या. एकदा ऐकलं की हिला पाठ. अक्षरं येत होती तिला, पण कानांनी भागत असताना डोळ्यांना कोण शिणवतो. वर्षभर एवढ्याशा पोरीने बाईंना शेंडी लावली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, वाचन ऐकायला येणार होत्या. ज्याला वाचता येत नाही, त्याची रवानगी पुन्हा दुसरीत. बाई गप्प बसल्या असत्या, तर रेडिओ डोळे मिटूनही पार झाली असती. तो मोह त्यांना झाला, अगदी खरोखर झाला. पण चौथीत जाड पुस्तकं येणार, तिथे हिला वाचून दाखवायला कोण बसणार होतं? बाईंना काळजी वाटली आणि रागही आला. थोडा तिचा, बराचसा स्वतःच्या छान आवाजाचा.

शाळा सुटल्यावर त्यांनी पांढऱ्या कागदाची पट्टी कापली. फळ्यावर त्यांच्या ‘ह’ची शेपटी पार खालच्या ओळीपर्यंत लोंबायची आणि मुलं हसायची, पण आज त्यांनी अगदी छापल्यासारखं अक्षर काढलं. ‘ऑक्टोपसला एकच हृदय असतं आणि तेही लहान आहे.’ ऑक्टोपसच्या पुस्तकाच्या पहिल्याच ओळीवर, तीन हृदयं छापली होती तिथे, त्यांनी ती पट्टी चिकटवली. सकाळी पोरीला एकटीला गाठायचं, हे वाचायला लावायचं आणि तिचे डोळे एकदाचे कामाला लावायचे. आपल्या युक्तीवर त्या बेहद्द खूश होत्या.

सकाळी वर्गात शिरतात तर मोठ्या बाई आधीच खुर्चीत. दुपारी त्यांना दुसरं काम निघालं होतं. त्यांनी टेबलावरचं पुस्तक उचललं, त्या गाजलेल्या मुलीला पुढे बोलावलं आणि बोट ठेवून वाच म्हणाल्या. बाई काही बोलेपर्यंत पुस्तक रेडिओच्या हातात गेलं होतं.

“ऑक्टोपसला ती...” रेडिओ सुरू झाली आणि थांबली. बोट एकीकडे, तोंड दुसरीकडे. रेडिओ बंद पडलेला वर्गाने पहिल्यांदाच पाहिला. तिने डोळे बारीक केले आणि एकेक अक्षर विहिरीतून बादली ओढावी तसं वर काढलं. ए, क, च. ओळ संपेपर्यंत तिच्या कपाळावर घाम आला. आपल्याच हाताने आपण हिला दुसरीत ढकललं, असं वाटून बाईंचे डोळे भरून आले.

मोठ्या बाईंनी पेन उघडलं.

“हे चूक आहे,” रेडिओ म्हणाली.

“बोट ठेव,” मागच्या बाकावरून कुणीतरी सवयीने ओरडलं.

रेडिओने पुस्तक मिटून काखेत मारलं आणि कपाटातून समुद्राचं जाडजूड पुस्तक ओढून आणलं. ते बाईंनी कधीच वाचून दाखवलं नव्हतं. चित्रं बघत बघत तिने ऑक्टोपसचं पान गाठलं, बोट टेकवलं आणि अडखळत, चुकत, मागे येत वाचलं की ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. मग कुणी न सांगता तिचं बोट पुढच्या ओळीवर गेलं. त्याचं रक्त निळं असतं. तिने वर्गाकडे डोळे विस्फारून पाहिलं. हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

मोठ्या बाईंनी पेन बंद केलं. मुलगी हळू वाचते पण वाचते, राहू दे इथेच, असं म्हणून त्या पुढच्या मुलाकडे वळल्या. बाईंचा जीव भांड्यात पडला.

रेडिओ काखेतलं पुस्तक परत द्यायला टेबलापाशी आली. इकडेतिकडे बघून तिने ते बाईंच्या पर्समध्येच सारलं आणि त्यांच्या कानाशी लागली.

“बाई, पुढच्या वेळी ‘ह’ची शेपटी आखूड काढा. मोठ्या बाईंना दिसली असती तर तुम्हालाच दुसरीत पाठवलं असतं.”